लिंबाखालचा दगड

लहानपणी मी मरता मरता वाचलो, म्हणून आईनं तुळजापूरला पायी जायचा नवस बोलला होता. औरंगाबादहून सलग चालणं तिला झेपेना. मग दरवर्षी चार दिवस चालायचं, थांबलो तिथं झाडाखालच्या दगडाला कुंकू लावायचं आणि पुढच्या वर्षी मोटारीनं येऊन त्याच दगडापासून निघायचं, असा तिचा नेम.

मी निजामाच्या कचेरीत कारकून. साहेब रजा द्यायचा ती घरचं धान्य दिल्यासारखी. चौथ्या वर्षी दोनच दिवस मिळाले. मी चिडून तुळजापूरच्या सहा कोस अलीकडं एका चिंचेपाशी मोटार थांबवली आणि म्हणालो, "हाच आपला दगड. कुंकू पावसानं गेलंय." खरा दगड दोन कोस मागं राहिला होता. आई पदर खोचून चालू लागली. त्याच खेपेला आम्ही तुळजापूर गाठलं.

पुढं अंथरुणाला खिळल्यावर एकदा ती म्हणाली, "आपला दगड लिंबाखाली व्हता रं. तुझी रजा कमी, म्हणून गप बसले. तेवढे दोन कोस तू चालून ये. नवस तुझ्याच जिवाचा हाय."

"जाईन," म्हणालो. गेलो नाही.

आई गेली, तेव्हा साहेबानं न मागता आठ दिवसांची रजा दिली. दोन कोसांना एक सकाळ पुरली.