निवृत्तीभाऊचं दोन पंखांचं विमान

वडनेर भोलजीत निवृत्तीभाऊसारखा कारल्याचा मांडव कोणी बांधत नाही. बांबू रोवायचे, तार ताणायची, वेलाचं ओझं तारेवर सोडायचं. विहिरीवरच्या मोटारीची लाइन येईस्तोवर बांधावर मोबाइल पाहता पाहता ह्या माणसाला विमानाचा नाद लागला. तेही ग्लॅडिएटरचा: नव्वद वर्षांपूर्वीचं इंग्रजांचं लढाऊ विमान, एकावर एक दोन पंखांचं.

"नशीब पाह्य त्याचं," तो सांगायचा, जणू चुलतभाऊच. "फौजेत आलं तवा एका पंखाची इमानं उडून राह्यली होती. लोकायनं म्हातारं म्हटलं. तरी नॉर्वेत गोठल्या तलावावरून उडालं, लढलं."

"तुमचं लग्नही असंच उशिरा जमलं, भाऊ," मी चिडवायचो.

यंदा गणपतीच्या देखाव्यात त्यानं तेच उभं केलं. बांबूच्या पंखांना त्याच्या बायकोच्या, पूनमवहिनीच्या साड्या, दोन पंखांमध्ये तिरपी ताणलेली मांडवाची तार. विसर्जनापर्यंत गावानं ते बघावं, एवढंच त्याचं मागणं.

स्थापनेच्या सकाळी तो हार आणायला नांदुऱ्याला गेला आणि मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव आले. वरचा पंख त्यांच्या फ्लेक्सवरच्या कपाळाआड येत होता.

"दोन पंख कायले? आता इमानाले एकच असते."

"फ्लेक्स सरकवू ना," मी म्हटलं.

"माहा फोटो कोपऱ्यात लावतं काय बे?"

पोरांकडून त्यांनी वरचा पंख करवतीनं कापवला. तारा सैल पडल्या. खालचा पंख वाकला आणि कडकन मोडला.

निवृत्तीभाऊ आला. हार खुर्चीवर ठेवले.

"कोनं कापलं?"

"देखावाच हाय तो," गुलाबराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत नीट करून दे. एका पंखाचं."

"खालचा पंख वरच्याच्या तारेवर होता. मले इचारलं काऊन नाही?"

"असं काय मोठं? उडते का ते?"

"तुमचा फ्लेक्स उडते का?"

पोरं हसली. गुलाबरावांचा चेहरा तापला. "मंडळातून काढीन तुले."

"काढा. साड्या फाडल्या, ते पूनमले तुमीच सांगा."

त्यानं पकडीनं तारा तोडल्या, सगळं बैलगाडीत टाकलं आणि निघून गेला. संध्याकाळी आरतीला गुलाबरावांचं कपाळ एकटंच चमकत होतं. मी प्रसाद घेऊन गेलो तर भाऊ अंगणात नवे बांबू बांधत होता.

"गाव इथं येऊन पाहील," माझ्याकडे न बघता तो म्हणाला. "अन् गुलाबराव आला, तर फाटकाच्या बाहेरून पाहील."