रुमालाखालचा भाव

नोकरीतली बरीच प्रकरणे आता पुसट झाली. गूळपेठेतले ते शेअरचे प्रकरण मात्र आजही माझ्या हाताला आठवते. हाताला का, ते पुढे कळेलच.

महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापुरात फौजदार होतो. एका सकाळी मुरगूडचा एक व्यापारी ठाण्यात आला. "साहेब, आमास्नी मुंबईच्या गिरणीचं शेअर विकल्यात. माझा भाचा तिकडनं आलाय. त्या गिरणीचं नावबी तिथल्या बाजारात कोन घेत न्हाय म्हनतोय की."

शेअर विकणारा मुंबईचा पाहुणा धर्मशाळेत उतरला होता. हवालदाराने त्याला आणले आणि सौदे जुळवणाऱ्या गूळदलालालाही आणले. या दलालाला सारी पेठ चाचा म्हणे. त्याच्या घराण्याने तीन पिढ्या इमानाने दलाली केली होती. आज तीच पेठ ठाण्यासमोर जमून त्याला पाहुण्याचा भागीदार म्हणत होती. आरोप खरा ठरता, तर त्याच्या हातात पुन्हा कुणी हात दिला नसता.

आमच्याकडे गुळाचा भाव तोंडाने बोलत नसत. दलाल रुमाल पसरी, त्याखाली गिऱ्हाइकाचा हात धरी आणि बोटे दाबून सौदा ठरे. ठरलेला भाव दुसऱ्याला सांगणे म्हणजे बेइमानी. शेअरही तसेच विकले गेले. पाहुणा भाव चाचाच्या हातात सांगे, चाचा तो गिऱ्हाइकाच्या हातात. पैसे मात्र थेट पाहुण्याला मिळत.

पाहुणा मोठा बोलका. "मुंबईचा भाव तुम्हांला कळतो कधी?" मी सहज विचारले.

"रोज सकाळी एक तार येते, साहेब. दिवसभर तोच भाव."

तेवढे मी जबाबात लिहून घेतले. बोलक्या माणसाला कधी अडवू नये.

चाचा मात्र तोंड उघडेना. "रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हातंय, साहेब. कोठडीत घालायचं तर घाला की."

मला संताप आला. मग त्याच्या खांद्यावरच्या रुमालाकडे नजर गेली आणि डोक्यात प्रकाश पडला. बंदी जिभेला होती, हाताला नव्हती. मी रुमाल मागून घेतला. "चाचा, बोलू नका. नुसता हात द्या."

गेल्या बाजारच्या दिवशी ज्यांनी शेअर घेतले, त्या सगळ्यांना बोलावून एकेकाचा हात मी रुमालाखाली धरला; बोटांची ती भाषा पेठेत वावरून मलाही येत होती. दिवस एक, तार एक, पण प्रत्येक हातात भाव निराळा. चाचानेही आपल्यासाठी शेअर घेतले होते, आणि सगळ्यांत चढा भाव त्याच्याच बोटांनी सांगितला. भागीदार असता, तर तोच सगळ्यांत जास्त नाडला गेला नसता.

"भाव वेगवेगळे, तरी शंका आली नाही?"

"गुळाची समदी ढेप सारकी असती व्हय, साहेब? पिवळ्याचा भाव येगळा, काळ्याचा येगळा. मला वाटलं, कागदाचंबी तसंच."

गिऱ्हाइकाचा खिसा पाहून भाव सांगणाऱ्या पाहुण्याकडे मी वळलो. तो दाराकडे सरकू लागला होता. सकाळीच मी केलेल्या तारेला दुपारी मुंबई पोलिसांचे उत्तर आले: असली गिरणीच नाही. त्यानंतर त्याने सारे कबूल केले.

त्याच्यावर मुंबईतही खटला निघाला. साक्षीसाठी मी चाचाला घेऊन गेलो आणि जाता जाता शेअरबाजारासमोरच्या रस्त्यावर आम्ही दोघे थबकलो. गर्दी एकच गलका करत होती. कोण कुणाचे ऐकतो, कळेना. तरी त्या कल्लोळातून एक भाव वर येई आणि साऱ्यांचा होई. मी थक्क झालो. अंगावर काटा आला, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

"सगळ्यांम्होरं बोलत्यात," चाचा हळूच म्हणाला.

आता तर साऱ्या बाजाराचा मिळून एक निर्देशांक वर्तमानपत्रात येतो. हजारो अनोळखी माणसांचे मन एका आकड्यात मावते, याचे नवल मला अजून ओसरलेले नाही. गप्प बसणारा प्रत्येक जण चोर नसतो, हे मी त्या प्रकरणात शिकलो. पण गप्प बसण्याच्या रीतीवर चोर पोसला जातो, हेही शिकलो.

परतल्यावर मी मुद्दाम पेठेत गेलो. मुरगूडचा तोच व्यापारी गूळ घ्यायला आला होता. त्याने सगळ्यांदेखत चाचापुढे हात केला. चाचाने तो दोन्ही हातांत धरला, डोळे पुसले. रुमाल खांद्यावरच राहिला. मग साऱ्या पेठेला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने भाव सांगितला.