झाडून घेतलेली बारव

मी मुळातच काळजीखोर. पाहुणे येणार म्हटलं की लोकांना आनंद होतो, मला शंका सुचायला लागतात. चहाला दूध पुरेल का, तांब्या नीट घासलाय का, ओसरीवर कुत्रं तर पसरलं नाही ना. त्यामुळं आमच्या गावात पहिल्यांदा सरकारी पाहुणे यायचे ठरले, तेव्हा सगळ्यांत आधी झाडू उचलणारी मीच होते. ते आठवलं की अजून स्वतःच्या हातांचा राग येतो.

आमचं गाव कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, हळ्ळीखेडहून चिटगुप्प्याकडं जाताना आडवाटेला लागतं. गावाबाहेर एक जुनी दगडी बारव आहे. ती कुणी बांधली हे कुणालाच माहीत नाही आणि विचारायची गरजही कधी पडली नव्हती. पूर्वेच्या अंगाला तिला रुंद, बुटक्या पायऱ्या आहेत. त्यांवरून मेंढरं रांगेनं खाली उतरतात, पाणी पितात आणि त्याच वाटेनं वर येतात. उन्हाळ्यात ओढा वाळला, बोअर आटले की जवळपास मेंढरांना पाणी तेवढंच.

आमच्या घराण्यात पूर्वी सगळेच मेंढरांमागं असायचे. आता कुणी शेतात, कुणी मजुरीला. मेंढरं उरली ती एकट्या आत्याकडं, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीकडं. आत्याला मूलबाळ नाही. तिचे गुडघे गेलेत, पण सकाळी कळप सुटला की ती आपोआप उठते. बारवेचं पाणी बंद झालं तर तिला मेंढरं विकावी लागतील, आणि मेंढरं विकली तर आत्या किती दिवस उठून बसेल याची मला खात्री नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

बिदरचा किल्ला आणि घुमट बघायला बाहेरचे लोक येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी हैदराबादला परत जातात. तेच लोक खेड्यापाड्यांत वळवले तर इथंही चार पैसे येतील, पोरांना कामासाठी गाव सोडावं लागणार नाही, असं साहेबांचं म्हणणं होतं. हे साहेब म्हणजे पर्यटनाच्या कामाची पाहणी करणारे अधिकारी. म्हणणं पटण्यासारखंच होतं. आमच्या बारवेचं नाव यादीत आलं आणि ते बघायला येणार असा निरोप आला.

मग काय, माझ्या अंगात आलं. दहाजणी बायका गोळा केल्या. बारवेच्या पायऱ्या खराट्यानं घासल्या, लेंड्या पोत्यात भरून शेतात नेऊन टाकल्या, काठावरचे दोर आणि डबे उचलून घरी आणले, कठड्याला चुना मारला. पाहुण्यासमोर घाण दिसायला नको, एवढंच डोक्यात. आत्याला म्हटलं, "दोन दिवस मेंढरं लांबच्या माळावर ने. इकडं फिरकू नको."

"पाणी कुटं पाजू?" ती म्हणाली.

"बघ की कुठंतरी. दोनच दिवस."

ती काठी उचलून गेली.

साहेब आले. बारव बघून खूश झाले. स्वच्छ गाव आहे, असं कन्नडमध्ये दोनदा म्हणाले, आणि मी चहाचा ट्रे धरून फुगून उभी होते. त्यांनी म्हाताऱ्या मंडळींना विचारलं, इथं जनावरं येतात का, किती येतात. आमच्यात मेंढरांचा आकडा तोंडानं बोलत नाहीत. आकडा बोलला की कळपाला नजर लागते असं मानतात. सुया टोचायला जनावरांचा डॉक्टर येतो, त्यालासुद्धा आत्या कधी आकडा सांगत नाही. तो आपल्या संपलेल्या सुयांवरून काय तो अंदाज बांधतो. तेव्हा म्हातारे सवयीनं म्हणाले, "येत्यात की दोन-चार." साहेबांनी सगळीकडं नजर टाकली. एक लेंडी दिसेना, एक दोर दिसेना. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं, लिहिलं असेल स्वच्छता चांगली.

पुढच्या वर्षी काम सुरू झालं. रस्ता झाला. बारवेभोवती तारेचं कुंपण आलं, लोखंडी फाटक आलं, बसायला बाक आले, दिवे आले. मी कन्नड शाळेत बारावीपर्यंत शिकलेली, घरात मराठी आणि बाजारात दखनी बोलणारी, म्हणून लोकांना बारव दाखवायचं आणि फाटकाची किल्ली सांभाळायचं काम मला मिळालं. पहिला पगार हातात आला त्या दिवशी मी नवऱ्याला न विचारता चिटगुप्प्याहून स्वतःसाठी चपला आणल्या. माझ्या जावा सुट्टीच्या दिवशी फाटकाबाहेर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी विकायला बसू लागल्या. तेव्हा हे सगळं नकोच होतं असं मी म्हणाले तर माझीच जीभ झडेल.

पण फाटकाजवळ लावायला जो फलक आला तो मीच वाचला. वर बारवेचं वर्णन होतं. त्यात एक ओळ: सध्या वापरात नाही. आणि खाली नियमांमध्ये: जनावरांना प्रवेश नाही.

मी तो फलक तीनदा वाचला. पंचायतीत धावले, तर तिथल्या माणसानं कागद काढून दाखवला. पाहणीतच तसं आहे, अक्का, तो म्हणाला, आता पुन्हा पाहणी होईपर्यंत आम्ही काही करू शकत नाही. बारवेचा वापर होतो याची एकही खूण त्या दिवशी तिथं नव्हती. होती ती सगळी मी पोत्यात भरून शेतात टाकली होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा कसा मारायचा हे कुणाला शिकायचं असेल तर माझ्याकडं यावं.

आत्याला काय सांगणार? तिला सांगितलंच नाही. म्हटलं, "रोज पहाटे ये. मी फाटक उघडते. ऊन चढायच्या आत पाजून घे."

तेव्हापासून माझा दिवस असा उगवतो. तांबडं फुटताना कुलूप काढायचं, मेंढरं खाली जाताना वाटेकडं डोळे लावून उभं राहायचं, ती वर आली की पायऱ्या झाडायच्या, धुवायच्या, तारेला अडकलेली लोकर चिमटीनं काढून पदरात बांधायची. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की जीव उडतो. कुणी तक्रार केली तर काम जाईल, आणि मग किल्लीही जाईल, म्हणजे आत्याचं पाणीही. वासाचं काय करायचं ते मला अजून सापडलेलं नाही. मी कोपऱ्यात उदबत्ती लावते. पाहुण्यांना वाटतं इथं देवस्थान आहे, काहीजण चपला काढून हातही जोडतात.

एकदा हैदराबादचं एक कुटुंब फार लवकर येऊन धडकलं. मी वरच्या पायऱ्या झाडल्या होत्या, खालच्या राहिल्या होत्या. त्यांच्या छोट्या मुलीनं तळहातावर चार लेंड्या घेऊन मला विचारलं, "आंटी, ये कायके बीजां हैं?"

"झाड के," मी म्हणाले.

तिनं त्या फ्रॉकच्या खिशात टाकल्या. घरी जाऊन तिनं त्या पेरल्या असतील का, या विचारानं मला चार दिवस हसू येत होतं, आणि तिच्या आईनं खिसा उपसला असेल तर काय, या विचारानं झोप येत नव्हती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर निरोप आला. तेच साहेब पुन्हा पाहणीला येणार होते. कामाचा दुसरा टप्पा मंजूर व्हायचा होता: पूर्वेच्या पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे, म्हणजे लोकांना पाण्यापर्यंत सांभाळून उतरता येईल. मी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. फरशीवर मेंढराचे खूर ठरत नाहीत, आणि कठड्यांमधली वाट माणसापुरतीच ठेवली होती. किल्ली माझ्याकडं असो की नसो, फरशी बसली की कळप खाली उतरणार नव्हता.

तो दिवस आला. पहाटे मेंढरं पाणी पिऊन वर आली. मी रोजच्यासारखा खराटा घेतला. दोन पायऱ्या झाडून झाल्या. आत्या वरच्या दगडावर बसून माझ्याकडं बघत होती.

"काय करायलीस गं?"

"झाडायलेय."

"कामून?"

"साहेब येणारेत आज."

ती म्हणाली, "मागल्या बारीलाबी साहेब आलं म्हून झाडलीस. आन मला माळावर धाडलीस."

आवाजात राग नव्हता. इतक्या दिवसांत तिनं हे एकदाही काढलं नव्हतं, म्हणून मी समजत होते की बंदी माझ्या झाडण्यामुळं आली हे तिला माहीत नाही. तिला सगळं माहीत होतं. मला रडू आलं आणि ते लपवायला मी वाकून उगाच खराट्याच्या काड्या सारख्या केल्या.

"तुझं काम जाईल व्हय?" तिनं विचारलं.

"जाईल बी."

"मंग झाड."

मी खराटा फाटकामागं नेऊन ठेवला. "आज माळावर जाऊ नको," मी म्हणाले. "मेंढरं घेऊन इथंच थांब."

साहेब आले तेव्हा ऊन बऱ्यापैकी वर आलं होतं. चौथ्या पायरीवर त्यांचा बूट लेंड्यांवर पडला. त्यांनी पाय उचलून बघितला आणि मग माझ्याकडं बघितलं. मी कन्नडमध्ये सांगितलं, जसं आलं तसं. मेंढरं रोज येतात, साहेब. फाटक मी उघडते. नंतर झाडून टाकते. तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशीही मीच झाडलं होतं, तुम्हाला बरं दिसावं म्हणून. उन्हाळ्यात त्यांना दुसरं पाणी नाही.

"नियम तुम्हीच वाचून दाखवता ना लोकांना?" ते म्हणाले.

त्यांनी कागद उलटला, पेन उघडलं आणि विचारलं, "जनावरं किती?"

आणि एवढं सगळं कबूल करून बसलेली मी, माझ्या तोंडून आलं ते, "आहेत थोडी."

"थोडी म्हणजे किती? इथं आकडा लिहावा लागतो."

मला आकडा माहीतच नव्हता. आत्याचा कळप मी जन्मापासून बघत आले, पण कधी मोजला नाही, कुणी मोजू दिला नाही. साहेबांचं पेन त्या रिकाम्या चौकोनावर थांबलं होतं, आणि मला दिसत होतं की ते आता त्यात शून्य लिहितील.

तेवढ्यात वरून, फाटकाजवळून, आत्या कन्नडमध्ये बोलली. "नलवत्तोंदु." एक्केचाळीस.

साहेबांनी लिहिलं. एक्केचाळीस. तिनं डोळे मिटून घेतले होते.

त्यांनी बाकी काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही. फरशीचं काय ठरलं, अजून कळलेलं नाही. माझं कामही अजून आहे. रोज पहाटे कुलूप काढताना मला वाटतं, हे शेवटचं.

साहेबांची गाडी गेल्यावर आत्यानं माझ्याकडं काजळाची डबी मागितली. बाभळीखाली बसून ती एकेक मेंढरू पुढ्यात ओढायची आणि त्याच्या कानामागं काजळाचं बोट लावायची. मी एकेक धरून देत होते. एकही सुटलं नाही. मी मनातल्या मनात मोजायला लागले, आणि तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"मोजू नको," ती म्हणाली. "मी मोजलं तेवढं बास."