एका डोळ्याचं पिल्लू

रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. त्या सकाळी मला आरमोरीजवळच्या दोन गावांत बकऱ्यांना लस टोचायला जायचं होतं आणि अंगात काही त्राण नव्हतं. शेजारच्या दवाखान्याचे डॉक्टर बदलून गेले, तेव्हापासून तिकडचा भारही माझ्याकडेच आहे. या भागात गुरांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर फोन वाजला की आधी गुडघे दुखायला लागतात.

फोन एका बाईंचा होता. त्यांच्या गाईचं बाळंतपण मी मागे केलं होतं.

"मॅडम, बकरी व्याली. दोन पिल्लं झाले. एकाले एकच डोरा हाये, मधातच, कपाराखाली. लोकायनं आंगन भरलं. तुमी या."

मी गेले. रोवणा सोडून अर्धं गाव तिथे उभं होतं. पिल्लू सुपात लाल कापडावर ठेवलेलं, अंगावर गुलाल, शेजारी फुटका नारळ आणि अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवलेला. चारपाच जण मोबाईल धरून होते. ओरडायची ताकद माझ्यात नव्हती. मी खाली बसले आणि एकेक अगरबत्ती मातीत खुपसून विझवली, कारण त्या पिल्लाला नाकच नव्हतं. ते तोंडानं श्वास ओढत होतं आणि धूर सगळा त्याच तोंडात जात होता.

डोळा मोठा होता. नीट पाहिलं तर त्या एका डोळ्यात दोन बाहुल्या एकमेकींना चिकटलेल्या दिसत होत्या.

"मॅडम, देव हाये का भूत हाये?" गर्दीतल्या एका माणसानं विचारलं.

"बकरी आहे," मी म्हटलं.

बाईंनी मला बाजूला घेतलं. "हे पिल्लू जगन का?"

"नाही बाई. किती वेळ तोंडानं ओढेल?"

त्यांनी मान हलवली. त्यांना ते अगोदरच कळलं असावं. "मंग याईले घरी जा म्हना. माहा रोवना पडून हाये."

गोठ्यात बकरी बावरून उभी होती आणि चांगल्या पिल्लाला सडाला लागू देत नव्हती. आम्ही दार ओढून घेतलं. मी तिला धरलं, बाईंनी पिल्लाचं तोंड सडाशी नेलं. चीक त्याच्या पोटात गेला, तेव्हा कुठे मला जरा बरं वाटलं. तिथेच बाई हळू आवाजात म्हणाल्या, "सून पोटुशी हाये माही. सहावा चालू हाये. शेजारच्या बायका म्हनते, तिची नजर पडली त पोटातल्यालेबी तसंच होते. सकारपासून आतच कोंडली तिले. रडून राह्यली. माहं आयकत नाई. तुमी बोला."

त्यांचा मुलगा बल्लारपूरला कामाला होता, म्हणजे समजावणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मला खरं तर निघायचं होतं. उन्हं चढली की बकऱ्या चरायला जातात, मग लस कोणाला टोचायची? तरी आत गेले.

सून खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, पाहिल्यानं काही होत नाही. ती वळली.

"मग कायनं होते? मी बारावी सायन्स आहो मॅडम. जीन्स मले मालूम हाये."

तेव्हा मला नीट सांगावं लागलं. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकदम कामाला लागत नाहीत. कोणतं कुठे आणि केव्हा सुरू व्हायचं, केव्हा थांबायचं, हे ठरलेलं असतं. गर्भ अगदी लहान असतो तेव्हा डोळ्यांची जागा एकच असते, मधोमध. मेंदूचा पुढचा भागही एकसंध असतो. मग मधल्या रेषेवरच्या पेशींत एक जनुक सुरू होतं. त्यापासून तयार झालेलं प्रथिन आजूबाजूला पसरतं आणि मधल्या पेशींमधलं डोळा घडवणारं जनुक बंद पाडतं. त्यामुळे डोळे दोन होतात आणि मेंदूही दोन भागांत वाढतो. माणसात, बकरीत, कोंबडीत, मासोळीतसुद्धा हे असंच चालतं. तो निरोप वेळेवर पोचला नाही, की दोन भाग होतच नाहीत.

ती ऐकत होती. "मंग दुसऱ्या पिल्लाले काऊन नाई झालं? एकाच पोटातले त होते."

"ते मला माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. जनुकातच बिघाड असेल. काही वनस्पती पोटात गेल्या तर हा निरोप अडतो, असंही मी वाचलं होतं. पण ही बकरी जंगलात काय काय खाते, कोण बघतं? कारण इथवर सांगता येतं. यालाच का, हे सांगता येत नाही, आणि लोक नेमकं तेच विचारतात.

"तुझ्या बाळाची काळजी करू नको," मी म्हटलं. "त्याच्या मेंदूचे दोन भाग कधीच झाले. तुला दिवस गेल्याचं धड कळलंही नसेल तेव्हा."

मला वाटलं, हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडेल. तिचा चेहरा मात्र आणखीच उतरला.

"म्हंजे व्हायचं असन ते तवाच होऊन गेलं असन?"

मी तिच्याजवळ खाटेवर बसले. "सोनोग्राफी केली ना?"

"गडचिरोलीले केली. सगळं बरोबर हाये म्हने."

"मग त्यांनी डोकं पाहिलं असणार. मेंदूचे दोन भाग त्यात दिसतात. मी गुरांची डॉक्टर आहे, पण एवढं मला कळतं."

ती खाटेवरून उठली. मग म्हणाली, "मले पाहू द्या मंग पिल्लू."

सासूबाई दारात उभ्या होत्या. बाहेर गेल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, "मेलं ते. लोकं चालले आता. पाह्य, पाह्याचं असन त."

सून सुपाजवळ बसली. तिनं पिल्लाच्या कपाळावरचा गुलाल पुसला. "याले दिसत होतं का?"

"नसावं."

घरामागच्या वाडीत मी त्याचं डोकं उघडलं. गावात अफवा फिरणार होत्याच, निदान कोणी विचारलं तर पाहिलेलं सांगता यावं म्हणून. आत मेंदूचा पुढचा भाग म्हणजे एकच गोळा होता, मधे चीर नाही, आणि आत पाणी. कॉलेजात असताना याचं चित्र पाहिलं होतं. हातात पहिल्यांदाच येत होतं. इतक्या वर्षांनी असं काही पाहून उत्साह वाटायला हवा होता. मला फक्त तिथेच सावलीत आडवं व्हावंसं वाटलं. सून दुरून पाहत होती, पण सगळं पाहिलं तिनं. मग बाईंनी खड्डा खणला, मीठ टाकलं आणि आम्ही ते पुरलं.

लसीच्या पहिल्या गावी पोचले तेव्हा बकऱ्या जंगलात गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

पुढे कितीतरी दिवस चहाच्या टपरीवर कोणी ना कोणी मोबाईल पुढे करायचं. "मॅडम, हे तुमीच पाह्यलं ना?" व्हिडिओत भलतंच पिल्लू असायचं, रंगही वेगळा, बोलणारे कुठल्या राज्यातले कोण जाणे, खाली नाव मात्र बाईंच्या गावाचं. सुरुवातीला मी सांगायची, हे ते नव्हे. मग सांगणं सोडून दिलं.

धान कापणीला आलं होतं तेव्हा बाईंचा फोन आला. त्या वाचलेल्या दुसऱ्या पिल्लाला हगवण लागली होती. पातळ किती होतंय, पाणी पितं का, सगळं विचारून झाल्यावर मीच सुनेचं विचारलं.

"नातीन झाली ना. मंगरवारी." मग म्हणाल्या, "पोरगी झाल्या झाल्या सून सिस्टरले म्हने, पयले चेहरा दाखवा. लई वेळ पाह्यत होती म्हने."

"आणि आता?"

"आता झोपल्या हाये दोघी. मॅडम, मंग गोळी कोनती देऊ?"

मी औषधाचं नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि दवाखान्याच्या बाकावर टेकले. बाहेर एक बैल कधीचा ताटकळत उभा होता.