म्हाळूने उचललेला बेलभंडार

म्हाळू धनगराने उभ्या आयुष्यात एकदाच खोटं सांगितलं, आणि तेही नेमकं खंडोबाच्या देवळात, बेलभंडार उचलून.

झालं होतं एवढंच. भर दुपारी बाभळीखाली त्याचा डोळा लागला आणि त्याची मेंढरं बायनाबाईच्या पोटऱ्यात आलेल्या ज्वारीत शिरली. बायनाबाई एकटी बाई, निम्मं रान भुईसपाट. त्या दिवशी त्या अंगाला दोघांचीच मेंढरं होती, म्हाळूची आणि बंकटची. राज्य निजामाचं, पाटोद्याला तहसिलीत जावं तर सगळा कारभार उर्दूत, काय लिहितील आणि कुणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नाही. म्हणून सुंदरराव पाटलांनी देवळातच निवाडा मांडला. बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन जो शपथ घेईल तो सुटला, दुसऱ्याने गाव सोडायचं.

बंकट म्हणाला, "माजी मेंढरं न्हवती. पर असल्या भांडणात मी देवाला वढणार न्हाई."

म्हाळूला घरची दोन लेकरं दिसली आणि त्याने हात पुढे केला. गावाने बंकटला त्याच दिवशी बाहेर काढलं. शपथेला कचरला तोच चोर, असला सोपा न्याय गावाला फार आवडतो.

मग म्हाळू देवाच्या कोपाची वाट बघत बसला. मेंढी शिंकली तरी तो रात्रभर तिच्याजवळ जागायचा. धाकट्याला ताप आला तेव्हा तो पार खचला, आणि खरं सांगायचं तर थोडा सुटल्यासारखाही झाला. पण ताप दुसऱ्या दिवशी उतरला. त्या साली तर तीन मेंढ्यांना जुळी झाली. बायको सारजाबाई खुशीत म्हणाली, "देव पावला बगा आपल्याला." म्हाळूने पुढ्यातली भाकर बाजूला सारली. देव रागावलाच नाही, तर मग हे आतून कोण कुरतडतंय?

शेवटी तो पाटलांकडे गेला आणि सगळं ओकला.

सुंदररावांनी शांतपणे ऐकून घेतलं. "देवानं तुला काई केलं का?"

"न्हाई, पाटील."

"मग तू कावून मरतो रं? निकाल देवानं दिलाय. तो आता फिरवला तर उद्या देवळात शपथेला कोण भिईल? जा, मेंढरं सांभाळ."

देवाचा धाक टिकावा म्हणून एक निरपराध माणूस उघड्यावर राहिला तरी गावाला चालत होतं. म्हाळूला हे बोलता आलं नसतं, पण त्याला ते कळलं, आणि त्याची त्याला किळस आली.

तो तसाच चालत मांजरा नदीच्या काठी गेला. बंकटचं बिऱ्हाड तिथं होतं. पन्नास मेंढरांची वीस राहिली होती. म्हाळूने पागोटं काढून त्याच्या पायाशी ठेवलं.

"माजीच मेंढरं व्हती, बंकट."

"ठाव हाय. माजी माज्या डोळ्यांम्होरं व्हती. मग कुणाची आसणार?"

"मग मला शिव्याशाप कावून न्हाई दिलं?"

बंकट एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. तो निघाला तशी त्याने मेंढी कळपात सोडली.

"खोटा बेलभंडार उचललास, मला वाटलं, आता ह्याची लेकरं जात्यात. लई भ्या वाटलं. तवापासून रोज खंडोबाला इनवतोय, म्हाळूच्या घराला हात लावू नगं."

म्हाळू तिथेच मातीत बसला आणि ओक्साबोक्शी रडला. देवाचा कोप त्याने सोसला असता. हे त्याला सोसवत नव्हतं.