दोन आठवड्यांचं सामान

मार्चमध्ये मी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीहून डार्विनला गेले तेव्हा बॅगेत दोन आठवड्यांचे कपडे होते. वय एकोणीस. जन्मदात्या वडिलांना भेटायचं, माणूस कसा आहे ते बघायचं आणि परत यायचं, एवढाच बेत. पण आठवड्याभरात कोविडमुळे राज्यांच्या सीमा बंद व्हायला लागल्या आणि युनिव्हर्सिटी ऑनलाइन गेली. आई डॉक्टर. तिने फोनवर सांगितलं, इथे येऊन काय करणार, आहेस तिथेच राहा. मी आठ महिने राहिले.

आई-बाबा म्हणजे ज्यांनी मला वाढवलं ते. दोघंही पुण्याचे. मी पाच वर्षांची असताना सरकारने मला सहा आठवडे सांभाळायला, फॉस्टर म्हणून, त्यांच्याकडे ठेवलं, ती मी तिथलीच झाले. तात्पुरती म्हणून कुठेही गेले की मी मुक्कामच ठोकते. माझा रंग गोरा, डोळे घारे आणि मराठी आईसारखं, त्यामुळे गणपतीत भेटलेली नवी माणसं आईला विचारायची, तुम्ही कोकणस्थ का? आई बिनदिक्कत हो म्हणायची. खरं सांगायला बसलो असतो तर आरती चुकली असती.

खरं असं, की मला जन्म देणारी बाई मी तीन वर्षांची असताना वारली आणि वडील दारूत बुडाले. अठरा पूर्ण झाल्यावर मी सरकारकडची माझी फाइल मागवली, तिच्यातून त्याचा माग लागला. दारू सोडून त्याला सहा वर्षं झाली होती. डार्विनमध्ये तो लोकांचे एसी दुरुस्त करायचा. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र फक्त पंखे होते. दिव्याखाली अंधार.

त्याला 'तो' म्हणण्यावरून आई माझ्यावर फोनवर चिडायची. वडील आहेत ते, अरेतुरे काय करतेस? मी म्हटलं, बाबांना मी अहोजाहो करते, कारण ते माझ्या प्रत्येक पालकसभेला आले. ह्याने आधी तो मान कमवावा. आई म्हणाली, मान द्यायला हिशेब लागत नाही. मला लागतो.

पहिल्याच दिवशी त्याने मला फ्रिजमधला एक कप्पा दाखवला. रिकामा, घासूनपुसून लख्ख, आणि कडेला चिकटपट्टीवर माझं नाव. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, म्हणजे बाकीच्या कप्प्यांना हात लावायचा नाही. आमच्याकडे फ्रिजमध्ये कुणाचं काही नसतं, जे असतं ते सगळ्यांचं आणि बहुतेक कालचं. पंधरा दिवस मी निमूटपणे माझ्या कप्प्यातलं दही खाल्लं. त्याला वाटलं, मला त्याच्या हातचं आवडत नाही. ते खरंच आवडत नव्हतं, पण तो मुद्दा वेगळा.

मग एके दिवशी दुकानातून येताना त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि विचारलं, माझं काही चुकलंय का? मी म्हटलं, चौदा वर्षांतलं की ह्या आठवड्यातलं? तो म्हणाला, ह्या आठवड्यातलं. मी हल्ली थँक यू म्हणत नाही, असं त्याच्या लक्षात आलं होतं. चहा दिला तरी नाही, टॉवेल दिला तरी नाही. पहिले काही दिवस म्हणायचे, मग बंद.

हे मलाही माहीत नव्हतं. थँक यू मी बसच्या ड्रायव्हरलाही म्हणते. पण आमच्या घरात आईने पाणी दिल्यावर आभार मानले असते तर तिने कपाळाला हात लावून ताप पाहिला असता. म्हणजे मी नकळत त्याच्या घरात घरच्यासारखी वागायला लागले होते, आणि तो बापडा ते फुरंगटणं समजत होता. मी त्याला त्यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा थँक यू म्हणायला लागले, जरा जास्तच.

मला त्याचा राग होता आणि तो काढायला जागा मिळत नव्हती. माणूस रोज साडेपाचला घरी यायचा. मी केलेला वरण-भात बाऊलमध्ये घेऊन सिंकपाशी उभं राहून खायचा आणि बाऊल धुवून ठेवायचा. अशा माणसाशी भांडायचं कशावरून?

सप्टेंबरमध्ये त्याने एकदा विचारलं, मेलबर्न उघडलं की जाणार ना? मी म्हटलं, अर्थात, माझी माणसं आहेत तिथे. त्याने मान डोलावली आणि विषय संपवला. मला वाटलं होतं, तो म्हणेल, परत ये. त्याने तसं म्हणावं, ही माझी अट होती. सोडून तो गेला होता, तेव्हा बोलवायचं त्याने. मी आपणहून येईन म्हणणार नव्हते, जन्मात नाही. अट त्याला सांगितली नव्हती, आणि माझ्याकडून काही मागायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं, हे मला दिसत होतं. तरी मी हटले नाही.

नोव्हेंबरमध्ये तिकीट मिळालं. विमानतळापर्यंत तो फक्त रस्त्यांबद्दल बोलला. दाराशी त्याने बॅग खाली ठेवली. मिठी मारायची की नाही हे दोघांनाही ठरवता येईना, त्यात हवा अशी दमट की मास्कच्या आत घाम. मी बॅग उचलली आणि सवयीने मराठीतच म्हणून गेले, "चल, येते."

त्याने विचारलं, म्हणजे काय?

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, अभद्र असतं, हे आईने मला त्या घरात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. पण हे सगळं तिथे दाराशी कुठे समजावत बसणार? मी शब्दशः भाषांतर केलं. "आय विल कम."

मराठीत ह्यावर माणसं 'ये' म्हणतात आणि दार लावून घेतात. कधी, असं कुणी विचारत नाही.

"व्हेन?" तो म्हणाला.

तो उत्तराची वाट बघत उभा होता. आपण चुकीचं ऐकलं असेल, अशी भीती चेहऱ्यावर सरळ दिसत होती. वाक्य मागे घेता आलं असतं, तो केवळ शिष्टाचार आहे असं सांगता आलं असतं.

"ईस्टरला," मी म्हटलं.

त्याने मान डोलावली. मग त्या आठवड्यात कामं घेत नाही, म्हणाला. ईस्टरला साडेचार महिने होते.

रडायचंच तर विमानात, असं मी ठरवून आले होते. तेवढंही थांबता आलं नाही.