जपानी पाकीट आणि वॉटर इंजिनियर

आमच्या लॅबमधले जपानी प्रोफेसर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला व्हिजिटिंग कार्डं ठेवायचं एक चामड्याचं पाकीट दिलं. दोन्ही हातांनी, कमरेत वाकून. चामड्यावर जपानी किनखापाची नक्षी उठवलेली होती: शेवंतीची फुलं, लाटा, मधूनच सोनेरी रेघ. मीही आदराने वाकले, ती इतकी की गळ्यातलं आयडी कार्ड त्यांच्या चहात बुडालं.

माझ्याकडे व्हिजिटिंग कार्डंच नव्हती, त्यामुळे पाकीट ड्रॉवरमध्ये पडलं. तिथे ते बाबांना सापडलं.

बाबा नागपूरच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन माझ्याकडे अमेरिकेत, ॲन आर्बरला आले होते. ते पाकीट उलटसुलट बघत म्हणाले, "अगं, हा तर शालूचा काठ! असं रिकामं ठेवतात होय?" आणि माझ्याच प्रिंटरवर त्यांनी कार्डं छापली. त्यांचं नाव, त्याखाली 'वॉटर इंजिनियर' आणि फोन नंबर माझा, कारण स्वतःचा इथला नंबर त्यांना पाठ नव्हता. 'निवृत्त' का गाळलं, विचारलं तर म्हणाले, "कार्ड लहान आहे."

जपानी लोक कार्ड कसं देतात हे मी हौसेने करून दाखवलं, ती माझी चूक. बाबांनी लायब्ररीत, किराण्याच्या रांगेत, बर्फ उपसणाऱ्या शेजाऱ्याला, सगळ्यांना वाकून कार्डं दिली. चालत्या बसमध्ये वाकले आणि एका विद्यार्थ्याच्या मांडीवर बसले. उठायच्या आधी त्यालाही कार्ड दिलं.

चौथ्या दिवशी मला मीटिंगमध्ये फोन आला. पलीकडे एक आजीबाई. "पाण्याचे इंजिनियर आहेत का? किचनचा नळ गळतोय."

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "त्या आजीबाईंना मी नाही म्हणून कळवते. तुम्ही जन्मात कधी नळ दुरुस्त केलाय?"

"मी अख्ख्या तालुक्याला पाणी पाजलंय!"

"आपल्या घरी तर आई प्लंबर बोलवायची."

"ऑफिसच्या कामात वेळ कुठे होता? चल, कार्ड दिलंय आपण."

आजीबाईंच्या किचनमध्ये बाबांनी आधी वीस मिनिटं पाण्याचा दाब समजावून सांगितला. आजीबाई मान हलवत होत्या, नळ ठिबकत होता. मग बाबांनी पान्याने काहीतरी जोरात फिरवलं. नळाचं डोकं उडालं आणि पाणी थेट छताला लागलं. मी दोन्ही हातांनी ते दाबायला गेले, तर ते बाबांच्या चष्म्यावर वळलं. बाबा ओरडले, "बघ, दाब उत्तम आहे!"

आजीबाई शांतपणे सिंकखाली वाकल्या आणि त्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. नवऱ्याचं प्लंबिंगचं दुकान त्यांनी तीस वर्षं सांभाळलं होतं. आता गुडघे धरतात, म्हणून फोन केला होता. हसून हसून त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग त्या बसल्या जागेवरून सांगत गेल्या आणि बाबांनी, अंगावर त्यांचा फुलाफुलांचा एप्रन घालून, नळाचा झिजलेला वॉशर बदलला. नळ गळायचा थांबला तेव्हा बाबांचा चेहरा असा फुलला होता की धरणाच्या उद्घाटनालाही मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं.

गाडीत बाबा घरापर्यंत वॉशरबद्दलच बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी लॅबमधून परतले तेव्हा आमच्या किचनचा, अगदी नीट चालणारा नळ त्यांनी वर्तमानपत्रावर अठरा तुकड्यांत मांडून ठेवला होता. पुढचे तीन दिवस आम्ही भांडी बाथटबमध्ये घासली.